पाद्रीबाबाच्या दातातला तारा

मी कवट्यांसाठी टोप्या विणते. माणसांच्या, खऱ्या कवट्या. ला पास शहरातल्या मोठ्या दफनभूमीबाहेर फुलवाल्या बायकांची रांग आहे, तिच्या टोकाला माझं स्टूल. एरवी जिवंतांसाठी मोजे आणि कानटोप्या, ऑक्टोबर लागला की मेलेल्यांसाठी. आमच्याकडे पुष्कळ घरांत एखादी कवटी असते. तिला नाव असतं, गादी असते, दर सोमवारी मेणबत्ती असते आणि दातांत पेटती सिगारेट असते. ती घर राखते, चोर दाखवते, पळालेला नवरा परत आणते, असं लोक धरून चालतात. आम्ही त्यांना नकट्या म्हणतो, कारण मेल्यावर पहिलं नाक जातं. आठ नोव्हेंबरला सगळ्या नकट्या फुलांचे मुकुट घालून दफनभूमीत येतात, बँड वाजतो, बियर वाहते, आणि चॅपेलचा पाद्री तोंड वाकडं करून त्यांच्यावर पवित्र पाणी उडवतो. तोंड वाकडं करतो, पण उडवतो. न उडवून जातो कुठे, लोक दार मोडतील.

मी यातलं काही मानत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला आपल्या रांगेत उभं करायला नको. हाड म्हणजे चुना. माप घ्यायला कवटी मांडीवर घेते तेव्हा मला भोपळा घेतल्याइतकंच वाटतं. गिऱ्हाईक हळू आवाजात विचारतं, काही जाणवलं का हो? मी म्हणते, जाणवलं, डोकं मोठं आहे, लोकर जास्त लागेल.

हे सगळं मला फेर्मीनने शिकवलं. फेर्मीन सिर्पा, माझा थोरला भाऊ. माझी शाळा लवकर सुटली. अक्षरं जोडायला त्यानेच शिकवलं आणि कुणाचं ऐकायचं नाही हेही त्यानेच.

आमच्या घरात देवांची कमी नव्हती, एकमत नव्हतं एवढंच. बाप गवंडी. प्यायला बसला की पहिला घोट जमिनीवर ओतायचा, धरणीमातेला. ती आधी पिते, मग आपण. आईने मी लहान असतानाच पत्र्याच्या छपराखालच्या प्रार्थनावाल्यांचा धर्म घेतला. ती भगिनी सातुर्निना झाली, घरात दारू बंद झाली, संतांच्या तसबिरी चुलीत गेल्या, आणि अंगणात बापाने ओतलेला घोट दिसला की ती त्यावर राख टाकायला लागली. बाप म्हणायचा, तुझा देव वर बसून नुसते हुकूम सोडतो, माझी निदान बटाटे तरी देते. आई म्हणायची, माती आहे ती, माती. आणि फेर्मीन सूपमध्ये पाव बुडवत म्हणायचा, आई, तुझं अगदी बरोबर आहे, ती माती आहे. आता एक पायरी आणखी चढ. वर बघ. ते ढग आहेत.

तो कातड्याच्या कारखान्यात होता, संघटनेचा माणूस. बियरचा क्रेट उपडा करून त्यावर उभा राहायचा. बोलण्याआधी चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, उजेडाकडे धरून आरपार बघायचा, परत घालायचा, मग पहिला शब्द. तेवढ्यात लोक आपोआप गप्प व्हायचे. वर तोंड करून मागू नका, म्हणायचा, तिथे कुणी नाही. समोर बघून मागा. समोर मालक आहे.

आणि दात. आमच्याकडे हौसेने सुळ्याला सोन्याची चौकट बसवून घेतात, कुणी त्यात बदाम कोरून घेतो, कुणी तारा. फेर्मीनला लाल तारा हवा होता. लाल मिळत नाही म्हटल्यावर सोन्याचा घेतला. दातवाला उशाशी उभा राहून काम करत होता. त्याला जो सुलट दिसला तो जगाला उलटा. एक टोक खाली आणि दोन वर, शिंगांसारखी. आईने दारातच त्याचं तोंड उघडायला लावलं, पाहिलं आणि म्हणाली, ही सैतानाची सही आहे, काढून ये. फेर्मीन म्हणाला, अगं, देवच मानत नाही तर सैतान कुठून मानू, तो काय सुटा मिळतो? बाप इतका हसला की त्याला उचकी लागली. आईने दोघांनाही जेवायला वाढलं नाही.

लष्कराने सत्ता घेतली त्या हिवाळ्यात त्याला नेलं. सकाळी अंगणातल्या नळावर तोंड धूत होता. चष्मा खिडकीत काढून ठेवला होता. चष्म्यावाचून त्याला स्वतःचा हात नीट दिसत नसे. आई तो चष्मा घेऊन जीपमागे धावली, वळणापर्यंत. जीपला आणखी वळणं होती, आईला तेवढंच एक. चष्मा अजून घरात आहे, तिच्या बायबलशेजारी.

प्रेत मिळालं नाही. बाप त्याच दुःखात गेला. आईने सगळं सोसलं, एक सोडून. तिच्या धर्मात मेलेले बघत नाहीत, ऐकत नाहीत, बोलत नाहीत. शेवटचा कर्णा वाजेपर्यंत झोपतात, मग देव त्यांना सबंध देहानिशी उठवतो. सबंध. तो शब्द तिने मुठीत धरून ठेवला. पोर कुठल्या खड्ड्यात आहे एवढं कळू दे, म्हणायची, मी त्याला नीट निजवते, सरळ, हातपाय जुळवून. उठेल तेव्हा त्याची शोधाशोध नको. त्याच्याशी ती कधी बोलायची नाही, एकदाही नाही. मेलेल्याशी बोलणं हे तिच्याकडे पाप. ती देवाशी त्याच्याबद्दल बोलायची. वर्षं गेली, सरकारं बदलली, आणि माझी आई जगली कशासाठी तर एका मुडद्यासाठी. मला शब्द सजवता येत नाहीत.

मग एका वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी दोन्या कासिमिरा, म्हणजे कासिमिराबाई, माझ्याकडे आली.

फुलवालीने पाठवली होती तिला. थोराड बाई, काळी गोल टोपी, पाठीवरच्या शालीत गाठोडं. म्हणाली, पाद्रीबाबांना नवी टोपी हवी, जांभळी, कडेला पांढरी पट्टी, पाद्र्यांच्या रंगांची. नाव माझ्या कानावर होतं. वरच्या आळीत तिच्या नकट्याची मोठी ख्याती. खाटीक लोक त्याच्या नावाने शपथ घेतात, सोमवारी तिच्या घरी रांग लागते. मी सवयीने विचारलं की नाव कसं कळलं. नकट्या आपलं नाव स्वप्नात येऊन सांगतात अशी समजूत आहे, आणि त्या गोष्टी सांगताना गिऱ्हाईक खुलतं, घासाघीस विसरतं.

ती खुलली. म्हणाली, नाव नाही सांगितलं त्यांनी, मीच ओळखलं. स्वप्नात उंचावर उभे राहतात, समोर ही गर्दी. खूप बोलतात. न्याय, भाकरी, गरीब, असलं सगळं. शब्द मला नीट कळत नाहीत, पण प्रवचनाशिवाय असं कोण बोलतं? पाद्रीच असणार. फक्त चष्म्याचा घोळ होतो त्यांचा. सुरू करण्याआधी चष्मा शोधतात, सापडला की पुसतात, दिव्याकडे धरतात. कधी कधी सापडतच नाही, मग तसेच आंधळ्यासारखे चाचपडत उभे राहतात, मला फार वाईट वाटतं. म्हणून मी त्यांना चष्मा घेतला.

मी लोकर निवडत होते. ऐकलं आणि पुढच्या गुंड्याकडे वळले. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला काहीही वाटलं नाही. ला पासमध्ये चष्मा पुसणारे हजार लोक आहेत.

तिने गाठोडं सोडलं. काच लावलेली पेटी, आत सॅटिनची गादी, गादीवर तो. जुनी टोपी भुवयांच्या हाडापर्यंत ओढलेली, खोबणीत कापूस, वर बाजारातला काळा चष्मा इलॅस्टिकने बांधलेला. खालचा जबडा नव्हता. वरचे दात सिगारेटच्या धुराने काळे. मी टोपी काढली, चष्मा काढला, मापाचा धागा फिरवला. मागच्या बाजूला बोटाला कापसाचा बोळा लागला. मी म्हटलं, इथे भोक आहे. ती म्हणाली, असू दे, वारा लागतो त्यांना, म्हणून बुजवलंय.

मग मी त्याला माझ्याकडे तोंड करून मांडीवर धरलं आणि अंगठ्याने दातांवरची काजळी पुसली. हे मी नेहमीच करते. काजळी राहिली की नवी लोकर पहिल्या दिवशीच डागाळते आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने बोंबलतं. डावा सुळा पुसला, तर खालून पिवळं निघालं. आणखी पुसलं. सोन्याची चौकट. चौकटीत तारा.

एक टोक खाली. दोन वर.

माझा अंगठा तिथेच राहिला. रांगेतली कुणीतरी सुट्टे मागत होती, ते मला ऐकू येत होतं, नीट, एकेक शब्द, फक्त त्याला अर्थ नव्हता. मला वाटलं की मी उठले आहे, पण मी बसलेलीच होते. हे डोकं मी ओळखत होते. याच्या खांद्यावर बसून, हे डोकं दोन्ही हातांनी धरून मी मिरवणूक पाहिली होती. आणि अर्धा तास मी ते धाग्याने मोजत होते, भोपळ्यासारखं.

कासिमिराने माझा चेहरा पाहिला आणि हात जोडले. तिला वाटलं मला दर्शन झालं. "बघितलंत ना, बाई?" ती कुजबुजली. "कितींना असं होतं. घाबरू नका, ते दयाळू आहेत."

मी म्हटलं, हा माझा भाऊ आहे.

ती म्हणाली, होतं असं, सगळ्यांनाच ते भावासारखे वाटतात.

मी म्हटलं, भावासारखा नाही. भाऊ. फेर्मीन सिर्पा, कातडी कारखान्यातला. हा तारा उलटा का आहे ते मला माहीत आहे. दातवाला डोक्याशी उभा होता म्हणून.

तिने वाकून तारा पाहिला. मग जे विचारलं ते ऐकून मी हसले, इतकं वाईट हसले की फुलवाल्या माना वळवून बघायला लागल्या. तिने विचारलं, "पाद्री होता का तुमचा भाऊ?"

"नास्तिक होता," मी म्हटलं. "वर कुणी नाही म्हणून सांगत फिरायचा. तेच सांगत असेल तुझ्या स्वप्नात. आणि तू त्याला टोपी घालायला निघालीस."

तिने त्याला माझ्या मांडीवरून उचललं. मी सोडेना. दोन बायका एका कवटीला धरून फुटपाथवर ओढाताण करत होत्या, हे चित्र मला अजून दिसतं आणि अजून पटत नाही. शेवटी तो पडेल या भीतीने मीच सोडलं. तिने पेटी बांधली. जाताना एवढंच म्हणाली की उद्या घरी या, इथे त्यांच्यासमोर असं बोलू नका.

आईला सांगताना मी काही मऊ केलं नाही. ती वाळवलेले काळे बटाटे भिजत घालत होती. मी म्हटलं, फेर्मीनचं डोकं सापडलंय, वरच्या आळीतली एक बाई त्याची पूजा करते. ती पाण्यात हात घालून तशीच बसली. मग विचारलं, तारा? मी म्हटलं, उलटा. तिने हात पुसले, आत गेली, आणि सबंध संध्याकाळ देवाशी बोलल्याचा आवाज आला नाही. तिच्या बाबतीत ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आईने प्रार्थनेचा काळा झगा घातला, काखेत बायबल. मूर्तीच्या घरात पाऊल टाकायचं नाही हा तिचा नेम. उंबऱ्यावर ती थबकली, मी म्हटलं मी आणते, तू थांब. तिने मला बाजूला केलं आणि आत शिरली.

सोमवार होता. भिंतीला लागून बाकावर माणसं बसली होती, मांडीवर फुलं, मुठीत वाहायला आणलेली कोकाची पानं. समोर चौरंग, कागदी फुलं, आणि मध्ये तो, गळ्याच्या जागी पाद्र्याची इवलीशी जांभळी पट्टी. भिंतीवर पितळी पाट्या: उपकार झाले, पाद्रीबाबा. ट्रक सापडला, पाद्रीबाबा. पोरगी बरी झाली. एक खाटीक गुडघ्यांवर बसून त्याला हळूच काही मागत होता. डोळे मिटून, तोंड वर करून. मी तिथेच भिंतीला टेकले. आयुष्यभर याने एकच गोष्ट सांगितली, की वर तोंड करून मागू नका. आणि आता वर हा स्वतः बसलेला.

आई चौरंगाशी गेली. त्याच्या दातांतली पेटती सिगारेट तिने काढली आणि बुटाखाली चिरडली. खाटीक हबकून उठला.

"याला दमा होता," आई म्हणाली.

कासिमिराने सगळ्यांना बाहेर घालवलं, दार लावलं. आईने ताऱ्यावर अंगठा ठेवला, तसाच, मी ठेवला होता तसा. मग मला म्हणाली, उचल, तोमासा, घरी नेऊ.

कासिमिरा दाराला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, नाही देता येणार. माझी पोरं घाटात बस चालवतात, त्या रस्त्यावर वर्षाला किती गाड्या खाली जातात ते सगळ्यांना माहीत आहे. यांनी सांभाळलीत ती आजवर. हे घरात आहेत तोवर आमचे आहेत. बाहेर गेले तर मोकळे झाले. मोकळे झाले तर आमच्यावर रागवायला त्यांना कारण आहे.

मी विचारलं, कसलं कारण.

ती बाकावर बसली, मघाशी माणसं बसली होती तिथे. तिचा नवरा, सार्जंट देमेत्रिओ, दुधाच्या पावडरीच्या डब्यातून हे घरी घेऊन आला होता. वैद्यकीच्या पोरांकडून घेतलं म्हणाला. तिने विश्वास ठेवला, निदान तसं ठरवलं. पुढे तापात तो बरळायला लागला तेव्हा तिला कळलं. ज्यांना नेलं त्यांना आधी एका जागी पुरलं, पुढे गाजावाजा होईल या भीतीने उकरून ट्रकने दुसरीकडे हलवलं. हलवताना एक डोकं सुटून सार्जंटच्या पायाशी घरंगळत आलं आणि विजेरीच्या उजेडात तारा चमकला. तो उलटा तारा. त्याला वाटलं सैतानाने आपल्याला ओळखलं. ते टाकून देण्याची हिंमत त्याला झाली नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याने मारलेल्या माणसाला तू फुलं वाहत होतीस."

"मारणारा तो होता की नुसता नेणारा, मला माहीत नाही, बाई. मी विचारलं नाही. पोरं लहान होती. काय उत्तर आलं असतं तर मी त्याच्या शेजारी झोपू शकले असते, तुम्ही सांगा."

मला तिच्या तोंडात मारायची होती. आजही मला वाटतं मारायला हवी होती. पण आईने मला बाजूला केलं. ती आता कासिमिराच्या समोर उभी होती, आणि तिने तोच प्रश्न विचारला जो ती इतकी वर्षं देवाला विचारत होती. बाकीचा कुठे आहे?

कासिमिराने मान हलवली. माहीत नाही. तिला नाहीच माहीत. सार्जंट दर सोमवारी या खोलीत कडी लावून बसायचा, गुडघ्यांवर, आणि याच्याशी तासन् तास बोलायचा. बाहेर नुसती गुणगुण ऐकू यायची. तो मरायला टेकला तेव्हा तिने विचारलं, त्या माणसांना नेलं कुठे, निदान आता तरी सांग, तुझ्या आत्म्याला शांती मिळेल. तो भिंतीकडे वळला आणि म्हणाला, मी सगळं त्याला सांगितलंय. जागासुद्धा. त्याला विचार.

खोलीत मेणबत्त्यांचा चरचर आवाज येत होता. मी आईकडे बघितलं. मला जे कळलं होतं ते तिलाही कळलं होतं. जगात एकालाच ती जागा माहीत होती, आणि तो हा. मेलेले ऐकत नाहीत, बोलत नाहीत, असं मानणाऱ्या बाईच्या पोराच्या कानात मारेकऱ्याने त्याच्याच खड्ड्याचा पत्ता सांगून ठेवला होता. कान नसलेल्या कानात.

मी ओरडायला लागले. वकील आहेत म्हटलं, बेपत्तांच्या बायकांची संघटना आहे, सार्जंटबरोबरचे कुणी जिवंत असतील, नकाशे असतील. ती सगळी दारं मी नंतर झिजवली. एकाने चहा दिला. एकाने विचारलं की बाई, पुरावा काय, तर दात? फेर्मीनच्या जुन्या साथीदारांना झेंड्यात गुंडाळून मिरवणूक काढायची होती, सभागृहात काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. मी विचारलं, त्या बाईच्या पेटीत आणि तुमच्या पेटीत फरक काय. ते रागावले.

पण ते नंतर. त्या खोलीत आई माझं ओरडणं ऐकतच नव्हती. तिने कासिमिराला एक विचारलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हेवा होता.

"तो तुझ्या स्वप्नात येतो. माझ्या येत नाही. का?"

कासिमिरा खाली बघत म्हणाली, "तुम्ही त्याला हाकच मारत नाही ना. तुमचा धर्म मारू देत नाही."

आईने बायबल बाकावर ठेवलं. झग्याच्या खिशात हात घातला आणि चष्मा काढला. तो खरा, खिडकीतला. मला माहीतही नव्हतं की तिने बरोबर आणलाय. बाजारातला काळा चष्मा तिने सोडला, हा चढवला, इलॅस्टिक त्या भोकाच्या बाजूने नीट ओढून बांधलं. कापूस सारखा केला. मग दोन पावलं मागे सरून उभी राहिली आणि तिने त्याला हाक मारली. नुसतं नाव. बापाच्या घोटावर राख टाकणारी, संतांना चुलीत घालणारी माझी आई, एका हाडाला नावाने हाक मारत होती. माझ्या अंगावर काटा आला. भक्तीचा नाही. जमीन सरकते तेव्हा येतो तो.

कासिमिरा रडत होती. म्हणाली, न्या तुम्ही. न्या, पण त्यांना एक सांगाल का? माझ्या पोरांनी काही केलेलं नाही. सूड घ्यायचाच तर माझ्यावर घ्या म्हणावं.

आई म्हणाली, "सांगेन मी त्याला." आणि तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की ती खोटं बोलत नव्हती.

आता तो आमच्याकडे आहे. खिडकीत, चष्मा ठेवायचा तिथे. पाद्र्याची पट्टी मी चुलीत घातली. पास्टर आला होता, आईला म्हणाला, भगिनी, ज्याची पूजा झाली ते हाड अपवित्र झालं, फोडून टाक, प्रभू तुझ्या मुलाला नवा देह देईल. आई म्हणाली, देईल तेव्हा बघू, आधी जुना तर सापडू दे. त्यानंतर पत्र्याच्या छपराखाली तिला कुणी भगिनी म्हणत नाही. पुरायचंही नाही म्हणते. अर्धा माणूस मी पुरणार नाही. तो सांगेपर्यंत राहू दे. वरच्या आळीतले खाटीक फुलं घेऊन दाराशी येतात, मी त्यांना हाकलते, ते फुलं ठेवून जातात.

देव नाही असं म्हणणाऱ्याचा देव करणारे मला पटत नाहीत. हाड फोडा म्हणणारे पटत नाहीत. झेंडेवालेही नाहीत. या सगळ्यांना फेर्मीन काय होता याच्याशी घेणं नव्हतं, तो आपल्या कामाला कसा येईल एवढंच बघायचं होतं. आणि मी? मी त्याला टोपी विणली. तपकिरी, साधी, मागे जाड वीण, भोकावर. थंडी असते खिडकीत. चुन्याला थंडी वाजत नाही, मला माहीत आहे.

आई रोज सकाळी विचारते, स्वप्नात काही दिसलं? मी म्हणते, नाही. मग मी तिला विचारते, तीही म्हणते, नाही. मग आम्ही चुलीकडे वळतो. कासिमिराच्या स्वप्नातही तो येईनासा झालाय, असा निरोप तिने पाठवला. त्या बाईला तो दिसायचा आणि जागा कधी विचारायची हिंमत झाली नाही. आम्हाला विचारायचंय आणि तो येत नाही. तिला दिसायचा तो कसा, हे मला सांगता येत नाही. सार्जंट झोपेत बरळला असेल, चष्म्याचं तिने तसंच ऐकलं असेल. असंच असेल. मी तसं मानते.

परवा तो माझ्याकडे आला.

कारखान्याचं अंगण होतं, क्रेट होता, तो होता, आणि गर्दीत मी एकटीच. त्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, सावकाश, आधी एक काच, मग दुसरी. उजेडाकडे धरून आरपार बघितला. घातला. त्याने मला ओळखलं. तोंड उघडलं, तारा दिसला, उलटा, आणि आईने माझा खांदा धरून मला गदागदा हलवलं.

सकाळ झाली होती. ती वाकून विचारत होती, काही बोलला का?